डेट्रॉइटची माणसं, शाळा आणि मतं : आकडे कसे वाचायचे

श्री ठाणेदार जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकी काँग्रेसचे सदस्य झाले, तेव्हापासून डेट्रॉइटचं नाव मराठी लेखांत आणि मंडळांच्या अंकांत वरचेवर येतं. ठाणेदार मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडीचे, त्यामुळे हे कुतूहल साहजिक आहे. पण शहराबद्दल लिहायला बसलं की लोकसंख्या महानगराची, शाळेचे निकाल शहराचे आणि मतदारसंघ तिसऱ्याच सीमेचा, असे आकडे एकाच परिच्छेदात येऊन बसतात. प्रत्येक आकडा खरा असतो, तरी परिच्छेद चुकतो. गणितातल्या अंश आणि छेदासारखंच हे आहे. छेद कुठल्या हद्दीचा, कुठल्या दिवसाचा आणि कुठल्या माणसांचा, हे आधी ठरवावं लागतं. डेट्रॉइटबद्दल लेख, प्रकल्प किंवा भाषण तयार करणाऱ्यांनी पुढच्या क्रमाने जावं.

आधी हद्द ठरवा

डेट्रॉइट या एका नावाखाली निदान तीन हद्दी येतात. १ एप्रिल २०२० च्या जनगणनेत डेट्रॉइट शहराची लोकसंख्या ६,३९,१११ होती. शहर ज्या वेन काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) आहे तिची १७,९३,५६१, आणि वेन, ओकलंड, मॅकोंब, लिव्हिंगस्टन, सेंट क्लेअर, लपीर या सहा काउंट्यांच्या महानगराची ४३,९२,०४१. म्हणजे महानगरातल्या दर सात माणसांपैकी साधारण एकच शहरात राहतो.

मराठी वाचकाला हा फरक आधी कळायला हवा, कारण 'आम्ही डेट्रॉइटला असतो' म्हणणारी मराठी कुटुंबं बहुतेक करून नोव्हाय, ट्रॉय, फार्मिंग्टन हिल्स, कॅन्टन या उपनगरांत राहतात. ती शहराच्या महापौरासाठी मत देत नाहीत, त्यांची मुलं शहराच्या शाळांत जात नाहीत, आणि या चार गावांपैकी एकही ठाणेदारांच्या मतदारसंघात नाही. ठाणेदारांना मराठी मतांनी निवडून दिलं, असं कुणी लिहिलं तर ते इथेच खोडून टाकावं.

दुसरी अडचण शहराच्या पोटातच आहे. हॅमट्रॅमॅक (२०२० मध्ये २८,४३३ लोक) आणि हायलंड पार्क (८,९७७) ही दोन गावं शहराच्या आत आहेत, पण शहराचा भाग नाहीत. त्यांचे महापौर, सिटी कौन्सिल आणि शाळा स्वतंत्र आहेत. बांगलादेशी वस्तीचा बांग्लाटाउन हा भाग हॅमट्रॅमॅक आणि डेट्रॉइट यांच्या सीमेवर दोन्हीकडे पसरलेला आहे. पोस्टाच्या पिनवरून माहिती गोळा केलीत तर ही गावं शहरात मिसळतात. ४८२१२ हा पिन दोन्हीकडे चालतो. म्हणून जनगणना खात्याच्या संकेतस्थळावर पिन किंवा काउंटी न निवडता भूगोलाच्या यादीत 'प्लेस' निवडा, मग मिशिगन, मग 'डेट्रॉइट सिटी'. कोड २६२२००० दिसला की हद्द बरोबर आहे. त्यातले पहिले दोन अंक मिशिगनचे.

मग दिवस ठरवा

जनगणना खातं एकाच शहराबद्दल तीन प्रकारचे आकडे देतं आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

दर दहा वर्षांनी होते ती शिरगणती. मतदारसंघ तिच्यावरूनच आखतात. दुसरं म्हणजे अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे. तो नमुना पाहणीवर चालतो, आणि शिक्षण, भाषा, उत्पन्न, नागरिकत्व हे फक्त त्यातच मिळतं. ६५ हजारांहून मोठ्या जागांसाठी त्याचा एक वर्षाचा अहवाल निघतो, पाच वर्षांचा एकत्रित मात्र लहान-मोठ्या सगळ्यांसाठी. डेट्रॉइटसाठी दोन्ही मिळतात, पण शहरातल्या एखाद्या वस्तीबद्दल बोलायचं तर पाच वर्षांचाच घ्यावा लागतो. तिसरा आकडा दर १ जुलैचा लोकसंख्येचा अंदाज.

डेट्रॉइटच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोळ या अंदाजांत होतो. दर वर्षी नवा अंदाज निघतो तेव्हा मागची वर्षंही पुन्हा काढली जातात, आणि त्या संपूर्ण संचाला त्या सालाचा 'व्हिंटेज' म्हणतात. जुलै २०२२ ची लोकसंख्या २०२२ च्या संचात ६,२०,३७६ होती. पुढच्या वर्षीच्या संचात त्याच दिवसाची लोकसंख्या ६,३१,३६६ झाली. एकाच दिवसाच्या दोन आकड्यांत अकरा हजारांचा फरक पडला. २०२३ च्या संचाने जुलै २०२३ साठी ६,३३,२१८ दिले, आणि १९५७ नंतर पहिल्यांदाच शहर वाढल्याची बातमी झाली. २०२४ च्या संचात शहर ६,४५,७०५ वर पोचलं आणि वर्षभरातली वाढ ६,७९१ सांगितली गेली. आता ६,४५,७०५ मधून ६,३३,२१८ वजा करा. वाढ साडेबारा हजारांच्या जवळ येते, आणि ती चूक आहे, कारण दोन आकडे दोन वेगळ्या संचांतले आहेत. तुलना करायची असेल तर सगळी वर्षं एकाच संचातून, तेही सर्वांत ताज्या संचातून घ्या.

आकडे इतके का हलले? शहराने जनगणना खात्याशी अनेक वर्षं वाद घातला, कोर्टातही गेलं. वादाचं मूळ घरांच्या हिशेबात होतं. डेट्रॉइटमध्ये पडकी, रिकामी घरं हजारोंनी पाडली गेली. रिकामं घर पाडलं म्हणून लोकसंख्या घटत नाही, पण घरांच्या संख्येवरून माणसं काढणाऱ्या पद्धतीत ती घटते. डागडुजी करून पुन्हा राहतं झालेलं घर मात्र त्या हिशेबात सहज दिसत नाही.

खुद्द २०२० च्या शिरगणतीबद्दलही सावध राहा. त्या वर्षी स्वतःहून फॉर्म भरणाऱ्या घरांचं प्रमाण देशात ६७ टक्के होतं, डेट्रॉइटमध्ये जेमतेम निम्मं. नंतरच्या पडताळणीत देशभरात कृष्णवर्णीयांची मोजणी ३.३० टक्क्यांनी आणि हिस्पॅनिकांची (मूळ स्पॅनिश भाषक देशांतलं असलेल्यांची) ४.९९ टक्क्यांनी कमी झाल्याचं खात्यानेच सांगितलं. ही पडताळणी शहरनिहाय नव्हती, म्हणून ३.३० टक्के डेट्रॉइटला चिकटवून 'खरी' लोकसंख्या काढू नका. 'मोजणी कमी झाली असण्याची शक्यता मोठी' एवढंच लिहा. निधीचं वाटप आणि मतदारसंघ याच मोजणीवर ठरतात, त्यामुळे न मोजलेल्या माणसाचं नुकसान पुढची दहा वर्षं चालतं.

शहराचा लांबचा प्रवास दाखवायला शिरगणतीचे चार आकडे पुरतात: १९५० मध्ये १८,४९,५६८, २००० मध्ये ९,५१,२७०, २०१० मध्ये ७,१३,७७७, २०२० मध्ये ६,३९,१११. २००० ते २०१० या दहा वर्षांत शहराने चौथा हिस्सा गमावला, पुढच्या दहा वर्षांत साडेदहा टक्के. उतार थांबला नव्हता, पण मंदावला होता. 'डेट्रॉइट ओस पडलं' एवढंच लिहिणारे हा दुसरा भाग विसरतात.

माणसं कोण आहेत

वंश आणि हिस्पॅनिक मूळ हे २०२० च्या फॉर्मवर दोन वेगळे प्रश्न होते. त्यामुळे माणूस हिस्पॅनिकही असतो आणि गोरा, काळा किंवा 'इतर'ही. दोन तक्त्यांतले टक्के एकत्र केले की बेरीज शंभरावर जाते. हे टाळायला जनगणना खात्याचा बी०३००२ हा तक्ता वापरा. त्यात आधी हिस्पॅनिक आणि बिगर-हिस्पॅनिक अशी विभागणी आहे, मग वंश.

२०१० मध्ये शहरातले ८२.७ टक्के लोक कृष्णवर्णीय होते, २०२० मध्ये ७७.७ टक्के. हिस्पॅनिक सुमारे ८ टक्के, त्यांची जुनी वस्ती नैर्ऋत्य डेट्रॉइटमध्ये, मेक्सिकनटाउनच्या आसपास. बिगर-हिस्पॅनिक गोरे दहा टक्क्यांच्या आत. आशियाई दोन टक्क्यांहून कमी, आणि त्यांतही बांगलादेशी मोठ्या संख्येने. ७७.७ टक्के हा आकडा अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत फार वेगळा आहे. त्याच्याशिवाय पुढचं राजकारण कळत नाही.

गोऱ्यांच्या आकड्यात एक गोष्ट दडलेली आहे. २०२० पर्यंत अरब वंशाच्या लोकांना 'गोरे' या रकान्यात मोजलं जाई. शेजारच्या डिअरबॉर्नमध्ये निम्म्याहून जास्त लोकांनी आपलं मूळ मध्यपूर्व किंवा उत्तर आफ्रिकेतलं लिहिलं, तरी साध्या तक्त्यात ते शहर गोऱ्यांचं दिसतं. मार्च २०२४ मध्ये संघराज्य सरकारने यासाठी वेगळा रकाना मंजूर केला. पुढे नवे आकडे येतील तेव्हा गोऱ्यांची टक्केवारी घटलेली दिसेल, आणि त्यातली काही घट नुसती रकाना बदलल्यामुळे असेल.

मराठी भाषकांचा आकडा हवा असेल तर बी१६००१ हा तक्ता बघा, पण अपेक्षा माफक ठेवा. त्यात हिंदी, गुजराती, उर्दू, पंजाबी, बंगाली, तमिळ, तेलुगू यांना स्वतंत्र ओळ आहे. मराठी मात्र 'नेपाळी, मराठी व इतर भारतीय-आर्य भाषा' अशा एकत्र ओळीत आहे. ती पूर्ण ओळ मराठी म्हणून छापू नका. छोट्या जागांसाठीच्या सी१६००१ या तक्त्यात तर ती आणखी मोठ्या गटात बुडते.

पाहणीतल्या प्रत्येक आकड्याशेजारी मार्जिन ऑफ एरर दिलेलं असतं, नव्वद टक्के खात्रीचं. ते सोडून आकडा उचलला की वस्त्यांची तुलना फसते. समजा एका भागात पदवीधर २१०, मार्जिन ९०. दुसऱ्यात ३००, मार्जिन १००. फरक ९० चा. आता दोन्ही मार्जिनचे वर्ग करून मिळवा: ८,१०० अधिक १०,०००, म्हणजे १८,१००. वर्गमूळ सुमारे १३५. फरक ९०, मार्जिन १३५. म्हणजे हा फरक खरा आहे असं म्हणता येत नाही. अशा वेळी शेजारचे भाग एकत्र करा, किंवा तुलना सोडून द्या.

शिक्षण : मोठ्यांचं वेगळं, मुलांचं वेगळं

मोठ्यांचं शिक्षण एस१५०१ या तक्त्यात मिळतं. छेद २५ वर्षं आणि त्यावरच्या रहिवाशांचा. देशात अशा दर तिघांत एक जण पदवीधर आहे, डेट्रॉइटमध्ये दर सहा-सात जणांत एक. हा आकडा आजच्या शाळांचं प्रगतिपुस्तक नाही. शिकून उपनगरात गेलेली माणसं त्यात नाहीत, आणि साठ वर्षांपूर्वी कारखान्यात लागलेली अजूनही आहेत.

मुलांच्या आकड्यांसाठी जनगणना खातं सोडून मिशिगन राज्याच्या 'एमआय स्कूल डेटा' या संकेतस्थळावर जा. तिथे बहुतेकांची पहिली चूक ठरलेली असते: 'डेट्रॉइट' शोधून डेट्रॉइट पब्लिक स्कूल्स कम्युनिटी डिस्ट्रिक्टचे (डिस्ट्रिक्ट म्हणजे सरकारी शाळा चालवणारी संस्था) आकडे घेतात आणि ते शहरातल्या मुलांचे म्हणून वापरतात. त्या डिस्ट्रिक्टची पटसंख्या पन्नास हजारांच्या आसपास आहे. शहरातली सुमारे निम्मी मुलं मात्र चार्टर शाळांत किंवा उपनगरांतल्या सरकारी शाळांत जातात. चार्टर शाळा सरकारी पैशावर चालतात, त्यांना परवानगी बऱ्याचदा सेंट्रल मिशिगनसारखं एखादं विद्यापीठ देतं, आणि राज्याच्या नोंदीत प्रत्येक चार्टर हा स्वतंत्र 'डिस्ट्रिक्ट' असतो. ती नावं एकेक करून मिळवावी लागतात. मूल राहतं कुठे आणि शिकतं कुठे, हे दोन वेगळे तक्ते आहेत. शहराच्या मुलांबद्दल लिहायचं तर राहण्याचा तक्ता घ्या.

मुलं इतकी का हलतात याचं कारण पैशात आहे. १९९४ च्या 'प्रपोझल ए'पासून शाळा चालवण्याचा बहुतेक पैसा राज्याकडून, प्रत्येक मुलामागे येतो. मूल गेलं की पैसाही जातो. ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारी 'काउंट डे' असतो. आपल्याकडची पटपडताळणी आठवा, फक्त ही दर वर्षी होते. फेब्रुवारीत पुन्हा मोजणी होते, आणि हिशेबात शरद ऋतूतल्या मोजणीला ९० टक्के वजन, फेब्रुवारीच्या मोजणीला १० टक्के. नोव्हेंबरात शाळा सोडलेल्या मुलाचा बहुतेक पैसा त्यामुळे जुन्याच शाळेत राहतो आणि नव्या शाळेला ते मूल जवळपास रिकाम्या हाताने शिकवावं लागतं.

निकालांची तुलना करताना इयत्ता पाहा. तिसरी ते सातवीसाठी एम-स्टेप ही परीक्षा असते, आठवीत भाषा आणि गणितासाठी पीएसएटी, अकरावीत एसएटी. आठवीचे आकडे सातवीशी थेट जोडू नयेत. दुसऱ्या मोठ्या शहरांशी तुलना करायची तर राज्याच्या परीक्षा निरुपयोगी आहेत, त्यासाठी राष्ट्रीय एनएईपी चाचणीची शहरांसाठीची मालिका घ्या. डेट्रॉइट तिच्यात २००९ पासून आहे. त्या पहिल्या वर्षी गणितात डेट्रॉइटचे गुण त्या चाचणीच्या इतिहासातले सर्वांत कमी ठरले.

गैरहजेरीचा आकडा मात्र कुठल्याही निकालाआधी पाहावा. शाळेच्या दिवसांपैकी दहा टक्के किंवा जास्त दिवस गैरहजर असलेलं मूल मिशिगनमध्ये 'कायम गैरहजर' धरतात. २०२१-२२ मध्ये डेट्रॉइटच्या डिस्ट्रिक्टमध्ये हे प्रमाण तीन चतुर्थांशाहून अधिक होतं. कोविडमुळे घरी थांबावं लागलेले दिवसही त्यात धरले होते, पण त्यानंतरही प्रमाण साठ टक्क्यांच्या वर राहिलं. मोठ्या मुलांना शहराच्या साध्या बसने शाळेत जावं लागतं. बस चुकली की दिवस गेला. वर्गात न आलेल्या मुलाच्या गुणांवरून शिक्षकाची किंमत ठरवणं अन्यायाचं आहे.

आता शाळेच्या जुन्या आकड्यांमागे सत्ता कुणाची होती, तेही तपासावं लागतं. १९९९ ते २००५ शाळा राज्याच्या ताब्यात होत्या. २००९ पासून पुन्हा राज्याने नेमलेला आपत्कालीन व्यवस्थापक आला. आपल्या महापालिकेवर प्रशासक बसावा तसाच हा प्रकार. निवडून आलेलं मंडळ होतं, निर्णय त्याच्या हातात नव्हते. २०१६ मध्ये जुना डिस्ट्रिक्ट फक्त कर्ज फेडण्यापुरता ठेवला आणि १ जुलैपासून मुलं, शिक्षक, इमारती नव्या डिस्ट्रिक्टकडे गेल्या. म्हणून आकड्यांच्या मालिकेत २०१६ ला तुटल्यासारखं दिसतं, कोडही दोन मिळतात. नव्या डिस्ट्रिक्टचं सात जणांचं मंडळ नोव्हेंबर २०१६ मध्ये निवडलं गेलं. सातही जण पूर्ण शहरातून निवडले जातात, वस्तीनिहाय नाही.

मत कुणाला, आणि कितींचं

सिटी कौन्सिलमध्ये नऊ जण आहेत. सात जण सात डिस्ट्रिक्टमधून (इथे डिस्ट्रिक्ट म्हणजे शहरातले प्रभाग), दोघे पूर्ण शहरातून. ही रचना २०१३ च्या निवडणुकीपासूनची. त्याआधी जवळपास शतकभर सगळेच पूर्ण शहरातून निवडले जात. एका डिस्ट्रिक्टची सरासरी लोकसंख्या काढायला ६,३९,१११ ला सातने भागा: सुमारे ९१,३०० येते. मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं. विषम वर्षी ऑगस्टमध्ये प्रायमरी, म्हणजे निवडणुकीची पहिली फेरी, होते, पहिले दोघे नोव्हेंबरमध्ये भिडतात. १९७४ ते १९९४ महापौर असलेले कोलमन यंग हे शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. नोव्हेंबर २०२५ मध्ये निवडून आलेल्या मेरी शेफील्ड या पहिल्या महिला महापौर. मधल्या काळात, जुलै २०१३ मध्ये, राज्याने नेमलेले व्यवस्थापक केव्हिन ऑर यांच्या हाती कारभार असताना शहराने दिवाळखोरी जाहीर केली आणि डिसेंबर २०१४ मध्ये ते तिच्यातून बाहेर पडलं. त्या काळातले निर्णय नगरसेवकांच्या नावावर टाकू नका.

मतदानाच्या टक्केवारीत छेद पुन्हा फसवतो. नोव्हेंबर २०२० मध्ये मतदारयादीत सुमारे ५ लाख ६ हजार नावं होती, आणि शहरातले १८ वर्षांवरचे लोक सुमारे ४ लाख ८० हजार. नावं माणसांपेक्षा जास्त दिसली म्हणून घोटाळा ठरत नाही. १९९३ च्या कायद्यानुसार, गाव सोडून गेल्यासारख्या दिसणाऱ्या मतदाराला आधी नोटीस द्यावी लागते आणि त्यानंतर दोन संघराज्य निवडणुका जाईपर्यंत नाव काढता येत नाही. घटत्या शहरात यादी म्हणून फुगते. त्या वेळी सुमारे २ लाख ५७ हजार मतं पडली: यादीवर भागली तर ५१ टक्के, प्रौढांवर भागली तर ५३ च्या पुढे. कशावर भागलं ते लिहाच. त्या प्रौढांत नागरिक नसलेलेही आहेत. ते वगळायचे तर बी२९००१ तक्ता घ्या. महापौरपदाच्या वर्षी मतदान फार खाली जातं. २०२१ मध्ये ते यादीच्या जेमतेम १९ टक्के होतं.

आता काँग्रेस. मिशिगनची लोकसंख्या १,००,७७,३३१, जागा १३, म्हणजे एका मतदारसंघात सुमारे ७,७५,१७९ माणसं. डेट्रॉइट अख्खं एका मतदारसंघात मावलं असतं. पण नकाशात ते दोन ठिकाणी विभागलं आहे: पश्चिमेचा काही भाग डिअरबॉर्न, साउथफील्डसह १२व्यात, तिथे रशिदा तलाईब. बाकी बहुतेक शहर हॅमट्रॅमॅक, ग्रोस पॉइंट आणि दक्षिणेकडच्या उपनगरांसह १३व्यात, तिथे ठाणेदार. हा नकाशा आमदारांनी काढलेला नाही. २०१८ च्या जनमताने स्थापन झालेल्या १३ नागरिकांच्या आयोगाने तो आखला: चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन, पाच कुठल्याच पक्षाचे नसलेले.

ठाणेदार कसे निवडून आले हे समजायला नोव्हेंबरऐवजी २ ऑगस्ट २०२२ ची डेमोक्रॅटिक प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, पाहा. नोव्हेंबरचा निकाल इथे त्या पक्षाच्या बाजूने जवळपास ठरलेला असतो. त्या प्रायमरीत नऊ उमेदवार होते. दुसरी फेरी नसते, जास्त मतं मिळतील तो उमेदवार. ठाणेदारांना सुमारे २८ टक्के, म्हणजे अंदाजे २२ हजार मतं पडली. पावणेआठ लाखांच्या मतदारसंघात हे शंभर रहिवाशांमागे तीनही होत नाहीत. मतविभागणी म्हणजे काय, ते मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. त्याचा परिणाम मात्र साधा नव्हता: १९५५ मध्ये चार्ल्स डिग्ज सदस्य झाल्यापासून डेट्रॉइटला काँग्रेसमध्ये सतत कृष्णवर्णीय प्रतिनिधी होता, तो २०२३ मध्ये उरला नाही. ७७ टक्क्यांहून जास्त कृष्णवर्णीय असलेल्या शहरात लोकांच्या मनाला ते का लागलं, हे ठाणेदारांचं कौतुक करणाऱ्या मराठी लेखातही यायला हवं. २०२४ मध्ये ते पुन्हा जिंकले. त्या वेळी त्यांचे प्रतिस्पर्धी अॅडम हॉलिअर यांची उमेदवारी लागणाऱ्या १,००० वैध सह्या न भरल्याने बाद झाली होती. उमेदवारांची यादी पाहताना बाद झालेली नावंही पाहावीत ती यासाठी.

राज्याच्या विधिमंडळाचे नकाशे वापरताना तारीख तपासा. डिसेंबर २०२३ मध्ये संघराज्य न्यायालयाने डेट्रॉइट परिसरातले १३ मतदारसंघ, सात हाउसचे आणि सहा सिनेटचे, वंशाच्या आधारे आखल्याबद्दल रद्द केले. हाउसचा नवा नकाशा २०२४ च्या निवडणुकीत लागू झाला, सिनेटचा २०२६ साठी आहे. त्यामुळे २०२२ च्या हाउस निकालांची २०२४ शी मतदारसंघनिहाय तुलना करू नका. क्रमांक तोच असला तरी आतली माणसं बदललेली असतात. तुलना हवीच असेल तर मतदान केंद्रनिहाय मतं घेऊन दोन्ही वर्षांची बेरीज नव्या सीमेत करा, आणि केंद्रांच्या हद्दीही मधे बदलल्या नाहीत ना, ते सिटी क्लार्कच्या कार्यालयातल्या नकाशावर ताडून पाहा.